लेखनिकाची पाठ

हस्तलिखित पोथ्या ज्यांनीं चाळल्या असतील त्यांना एक गोष्ट ठाऊक असेल. ग्रंथ संपला, फलश्रुति झाली, शके व तिथि नोंदली, म्हणजे कित्येक लेखनिक शेवटीं चार शब्द स्वतःचे म्हणून लिहून ठेवीत. त्यांत देशभर आढळणारा एक संस्कृत श्लोक आहे. त्याचा आशय असा कीं, पाठ, कंबर व मान मोडून, मूठ आवळून आणि तोंड खालीं घालून हा ग्रंथ मोठ्या कष्टानें लिहिलेला आहे. तरी तो यत्नानें जपावा. पोथीच्या मालकानें हें वाचावें, किंचित् हसावें आणि पोथी रुमालांत बांधून ठेवावी, असा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालला. पोथी जपली गेली. जिच्या जोरावर ती लिहिली गेली त्या पाठीची विचारपूस मात्र क्वचितच कोणी केली.

आजच्या भाषणाचा विषय ती पाठ हा आहे. बसून लिहिण्याच्या धंद्यानें मान, पाठ, मनगट व डोळे ह्यांना होणारी इजा ही संगणकाबरोबर जन्मली, असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक तिचा वैद्यकांतील लेखी इतिहासच तीनशें वर्षांहून अधिक जुना आहे. त्या इतिहासांत एक प्रश्न पुनः पुनः उभा राहतो. दुखणें जडलें तर दोष कोणाचा? माणसाच्या नाजुकपणाचा, कीं त्याला दिलेल्या आसनाचा, हत्याराचा आणि कामाच्या बोजाचा? ह्या प्रश्नाला ज्या काळीं जसें उत्तर मिळालें, तसाच त्या काळचा उपाय ठरला.

आपल्याकडे ह्या बाबतींत अगदींच अंधार होता असें नाहीं. समर्थ रामदासांच्या दासबोधांतील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसें असावें, पानाच्या भोंवतीं जागा कशी सोडावी, हें तेथें सांगितलेंच आहे. परंतु तरुणपणीं फार बारीक लिहिलेलें अक्षर म्हातारपणीं उपयोगीं पडत नाहीं, म्हणून मध्यम अक्षर लिहावें, असाहि त्यांत उपदेश आहे. उपदेश साधा दिसतो; पण डोळ्यांची शक्ति वयाबरोबर बदलते व काम त्या शक्तीला धरून असावें, ही मोठी दृष्टि त्यामागें आहे.

मराठी दफ्तरांतील कारकून बोरूनें मोडी लिही. लेखणी शक्य तितकी न उचलतां ओळ पुढें न्यावी, ही मोडीची चाल. म्हणून तिला वेग आला. पुण्याच्या पेशवे दफ्तरांतील कोट्यवधि कागद ह्या वेगाची साक्ष देतात. तरी त्या वेगाला बोरूचाच एक लगाम होता. दोनचार शब्द लिहिले कीं तो शाईंत बुडवावा लागे. टोंक झिजलें कीं चाकूनें तासावें लागे. शाई ओली असेल तर तिच्यावर वाळू टाकावी लागे. बैठक जमिनीवर असल्यामुळें मांडी बदलणें, गुडघा उभा करणें, क्षणभर तक्क्याला टेकणें हेंहि सहज घडे. म्हणून त्या कारकुनाला त्रास नव्हता असें नव्हे. पोथींतला श्लोक तसें म्हणूं देत नाहीं. परंतु त्या मंद हत्यारानें त्याला नकळत विसांवा दिला होता. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण पुढील सर्व कथेंत हत्यारें सुधारत जातात आणि हा विसांवा एकेका पायरीनें नाहींसा होत जातो.

ह्या दुखण्यांची वैद्यकाच्या दृष्टीनें पहिली नीट मांडणी इटलींत झाली. बर्नार्दिनो रामात्सिनी हा १६३३ सालीं कार्पी ह्या गांवीं जन्मलेला वैद्य मोदेना येथें प्राध्यापक होता. त्याच्या घरचा शौचकूप साफ करणारा एक मजूर फार घाईनें काम करतांना त्याला दिसला. इतकी घाई कां, असें विचारतां, येथें अधिक वेळ राहिलें तर डोळे जातात, असें त्यानें सांगितलें. रामात्सिनीनें तें बोलणें सोडून दिलें नाहीं. तो कामगारांच्या दुकानांतून, कारखान्यांतून हिंडला आणि १७०० सालीं त्यानें कामकऱ्यांच्या रोगांवर लॅटिन भाषेंत एक ग्रंथ प्रसिद्ध केला. रोग्याला कोणते प्रश्न विचारावेत हें हिपॉक्रिटिसानें सांगितलें होतें. त्यांत रामात्सिनीनें एका प्रश्नाची भर घातली: तुमचा धंदा कोणता?

ह्या ग्रंथाची वाढविलेली आवृत्ति १७१३ सालीं पादुआ येथें निघाली. तींत लेखनिक व दस्तऐवज लिहिणारे ह्यांच्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांच्या दुखण्याचीं त्यानें तीन कारणें दिलीं. पहिलें, सतत बसून राहणें. दुसरें, हाताची तीच ती हालचाल एकाच दिशेनें अखंड करीत राहणें. आणि तिसरें, मनावरचा ताण. हिशेबांत चूक होऊं नये, वही खराब होऊं नये, धन्याचें नुकसान होऊं नये, ही धास्ती त्या लेखनिकाच्या डोक्यावर दिवसभर असे. रामात्सिनीच्या ओळखीच्या एका लेखनिकाचा उजवा हात लिहून लिहून निकामी झाला. त्यानें कष्टानें डाव्या हातानें लिहिण्याची संवय केली. कांहीं काळानें त्या हातालाहि तेंच दुखणें जडलें. हात बदलला, काम बदललें नाहीं. मग दुसरें काय होणार? बसणें, तीच हालचाल आणि मनाचा ताण, हीं तीन कारणें आजच्या वैद्यालाहि यादीच्या आरंभीं लिहावीं लागतात. निदान तीन शतकांपूर्वीं झालें होतें. उणीव होती ती तें मनावर घेणारांची.

एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांत कारकुनांची संख्या फार वाढली. बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून पोलादी टांक स्वस्त दरानें बाहेर पडूं लागले आणि पिसाच्या लेखणीची तासणी संपली. म्हणजे एक विसांवा गेला. १८३० नंतर सर चार्ल्स बेल प्रभृति वैद्यांनीं एका विचित्र विकाराचें वर्णन केलें. हात इतर सर्व कामें करी, परंतु लेखणी धरली कीं बोटें आखडत. कोणी पोलादी टांकाला दोष दिला. विल्यम गोवर्स ह्या प्रसिद्ध वैद्यानें लिहिण्याच्या रीतीकडे लक्ष वेधलें: केवळ बोटें व मनगट ह्यांच्या आखूड हालचालींनीं लिहिणाराला हें दुखणें अधिक जडतें आणि खांद्यापासून सबंध हात चालविणाराला क्वचित्. त्याच वेळीं असे रोगी मुळांतच नाजुक मज्जातंतूंचे असतात, असेंहि मत रूढ झालें. आज ह्या आखडण्याला, मेंदूंतील हालचालींच्या नियमनांत बिघाड होऊन होणारा एक वेगळा विकार मानतात. स्नायु व स्नायुबंध दुखावण्याहून तो निराळा आहे. पण तेव्हां दोन्हींची गल्लत झाली, आणि हात दुखतो म्हणणारा कारकून मनानें दुबळा, अशी एक समजूत कचेऱ्यांतून शिल्लक राहिली.

ही समजूत तारेच्या कचेरींत फार स्पष्ट दिसते. मोर्सच्या किल्लीवर बोट दाबून कट्ट-कड करीत संदेश पाठवावयाचा. मनगट दिवसभर वरखालीं होत असे. ब्रिटनमध्यें तारमास्तरांच्या हाताचें आखडणें १९०८ सालीं नुकसानभरपाईस पात्र अशा धंद्याच्या रोगांत घातलें गेलें. तक्रारी वाढल्या, तेव्हां टपालखात्याची समिति बसली व तिचा अहवाल १९११ सालीं आला. समितीनें दोन कारणें सांगितलीं: तारमास्तराच्या मज्जातंतूंची अस्थिरता, आणि त्या गुंतागुंतीच्या हालचालींनीं पुनः पुनः येणारा थकवा. अर्धा दोष कामाचा, अर्धा माणसाचा, अशी ही वांटणी. अमेरिकेंत मात्र होरेस मार्टिन ह्यानें १९०४ सालीं निराळाच मार्ग धरला. त्यानें आडवी हलणारी अशी किल्ली बनविली कीं एकदां दाबली म्हणजे टिंबें तिचीं तीच उमटत. हाताचे पुष्कळ ठोके वांचले. माणसाचे मज्जातंतु कसेहि असोत, हत्यार बदलतां येतें, हें त्या किल्लीनें दाखविलें. आपल्या देशांतील तारसेवा २०१३ सालीं बंद झाली, तरी हा धडा जुना झालेला नाहीं.

मी सारा जन्म वर्गांत घालविलेला असल्यामुळें ह्या इतिहासांतील शाळेचा भाग मला विशेष जवळचा वाटतो. हेरमान कोन ह्या नेत्रवैद्यानें ब्रेस्लाउ शहरांत व आसपास १०,०६० शाळकरी मुलांचे डोळे तपासले आणि १८६७ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. इयत्ता जसजशी वरची, तसतसें जवळचेंच दिसणाऱ्या मुलांचें प्रमाण अधिक, असें त्यास आढळलें. अपुरा उजेड आणि बेताल बांक ह्यांना त्यानें दोष दिला. दृष्टिदोषाला आनुवंशिकता व मोकळ्या उजेडांत खेळण्याचा अभाव हींहि कारणें असतात, हें आतां आपणांस कळलेलें आहे. तथापि कोनच्या आंकड्यांमुळें युरोपांत शाळेच्या बांकांचा कसून विचार सुरू झाला. बांक व मेज ह्यांत अंतर अधिक राहिलें तर मूल पुढें वांकणारच. त्याला ‘ताठ बैस’ म्हणून कितीहि दटावलें तरी घटकाभरानें त्याची पाठ पुनः वांकते. एका इयत्तेंतील दोन मुलांच्या उंचींत वीतभर फरक असतो, आणि बांक मात्र एकाच मापाचे, हें कोणत्याहि शिक्षकानें नित्य पाहिलेलें आहे. अशा ठिकाणीं दटावणी ही मुलाच्या पाठीला नसून सुताराच्या मापाला हवी.

माप माणसाचें घ्यावें आणि काम त्याला बेतावें, ह्या विचाराला १८५७ सालीं एक नांव मिळालें होतें. पोलंडांतील निसर्गशास्त्रज्ञ वोयचेख यास्त्शेंबोव्स्की ह्यानें ‘एर्गॉन’ म्हणजे काम आणि ‘नोमोस’ म्हणजे नियम ह्या ग्रीक शब्दांवरून कामाच्या शास्त्राला नांव घडविलें. तें विस्मरणांत गेलें. दुसऱ्या महायुद्धांत विमानें, तोफा व यंत्रें इतकीं गुंतागुंतीचीं झालीं कीं उत्तम शिकलेल्या सैनिकाचाहि हात चुकूं लागला. अशा वेळीं सैनिकाला शिव्या देण्यापेक्षां खटक्यांची व तबकड्यांची मांडणी बदलणें अधिक फलदायी ठरलें. युद्धानंतर, १९४९ सालीं, इंग्लंडांत हायवेल मरेल व त्याचे सहकारी एकत्र आले आणि ‘एर्गॉनॉमिक्स’ ह्या नांवानें हें शास्त्र पुनः उभें राहिलें. आपण त्यास श्रमसुकरशास्त्र म्हणूं. त्याचें सूत्र एका वाक्याचें आहे: माणूस कामाला बसवूं नका, काम माणसाला बसवा.

त्याच सुमारास, १९४८ सालीं, स्वीडनचे वैद्य बेंग्ट ओकरब्लूम ह्यांनीं उभें राहणें व बसणें ह्यांवर आपला प्रबंध प्रसिद्ध केला व खुर्चीच्या पाठीला कमरेशीं आधार हवा हें मांडलें. पुढें १९६० नंतर त्याच देशांतील आल्फ नाकेमसन ह्यांनीं जिवंत माणसांच्या मणक्यांमधील चकतींत सुई घालून तेथील दाब मोजला. पाठीला आधार न घेतां पुढें वांकून बसलें तर हा दाब उभें राहण्यापेक्षां वाढतो आणि पाठ मागें टेकली, हातांना आधार मिळाला, तर तो उतरतो, असें त्यांस आढळलें. पुढील मोजणींत, नुसतें सैल बसण्यानें दाब फारसा वाढत नाहीं, असेंहि दिसून आलें. पुढें वांकण्याचा तोटा मात्र कायम राहिला. पोथींतील लेखनिक पाठ, कंबर, मान ह्याच क्रमानें कां कण्हत होता, ह्याचा उलगडा असा झाला.

इकडे हत्याराची सुधारणा चालूच होती. टंकलेखनयंत्रानें बोटांना वेग दिला. तरी ओळ संपली कीं दांडी ओढावी लागे, पान संपलें कीं कागद बदलावा लागे, चूक झाली कीं खोडावी लागे. संगणकानें हीं सर्व विघ्नें दूर केलीं आणि त्यांबरोबर उरलासुरला विसांवाहि गेला. माणूस तासन् तास एकाच जागीं, एकाच अंतरावर डोळे रोखून, मनगट एकाच कोनांत धरून बसूं लागला. १९८० नंतरच्या दशकांत ऑस्ट्रेलियांत कळफलकावर काम करणाऱ्या हजारों लोकांनीं हात व मान दुखण्याच्या तक्रारी केल्या. तेथें जुना वाद नव्या कपड्यांत उभा राहिला: हें दुखणें खरें, कीं मनाचें? वैद्य वैद्यांशीं भांडले, न्यायालयें गाजलीं. आज बहुतेक जाणकार मानतात कीं शरीराचा ताण व मनाचा ताण एकमेकांस वाढवितात. रामात्सिनीनें त्यांना एकाच यादींत घातलें होतें. फरक इतकाच कीं मनाचा ताणहि त्यानें रोग्याच्या स्वभावांत शोधला नाहीं, कामांत शोधला. हा बारीकसा फरक फार महत्त्वाचा आहे. युरोपीय समुदायानें २९ मे १९९० रोजीं काढलेल्या आदेशानें पडद्यासमोरील कामाच्या जागेची तपासणी करणें आणि मधून मधून विसांवा किंवा कामांत बदल मिळेल अशी योजना करणें ही जबाबदारी धन्यावर टाकली. ज्या प्रश्नानें आपण आरंभ केला, त्याला कायद्यानें दिलेलें हें उत्तर होय.

आतां आपल्या घरांकडे वळूं. २०२० सालच्या महामारींत कचेऱ्या घरीं आल्या, आणि त्यांतील पुष्कळशा अद्यापि घरींच राहिल्या आहेत. कोणी जेवणाच्या मेजावर काम करतो, कोणी पलंगावर मांडी घालून. बाजारांतील मेज साधारणतः ७२ ते ७५ सेंटिमीटर उंचीचें असतें. बेताच्या उंचीच्या माणसाला, विशेषतः आपल्या घरांतील पुष्कळ स्त्रियांना, तें उंच पडतें. खांदे वर उचलून टंकन करावें लागतें आणि संध्याकाळीं मान धरते. येथें ताठ बसण्याचा उपदेश निरुपयोगी आहे. खुर्ची उंच करावी, आणि पाय लोंबकळूं लागले तर पायांखालीं स्वयंपाकघरांतला पाट ठेवावा. कोपर शरीराजवळ, साधारण काटकोनांत. मनगट वरखालीं न मुडपतां हाताच्या रेषेंत. कंबरेच्या पोकळीशीं एक लहान उशी. पडदा हातभर अंतरावर व त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळींत किंवा किंचित् खालीं. खिडकी समोर किंवा पाठीमागें न येतां बाजूला. घडीच्या संगणकांत पडदा व कळफलक जोडलेले असल्यामुळें एक सोयीचा केला कीं दुसरा गैरसोयीचा होतो. म्हणून तो चार जाड पुस्तकांवर ठेवून निराळा कळफलक जोडावा. जमिनीवर बसण्याची ज्यांना संवय आहे त्यांनीं उतरतें बैठें मेज घ्यावें. मांडीवर यंत्र ठेवून मान खालीं घालूं नये.

हें सर्व केलें तरी एक गोष्ट राहते. नुसती महागडी खुर्ची आणल्यानें दुखणें जातें असें नाहीं. कितीहि चांगलें आसन असो, त्यांत चार तास न हलणें हेंच वाईट. हत्यारानें जो विसांवा हिरावून घेतला तो आतां आपणच वेळापत्रकांत घालावयास हवा. अर्ध्या तासानें उठावें, चार पावलें चालावें, दूरच्या झाडाकडे पाहावें. तासिका संपली कीं घंटा होते व मुलें पाय मोकळे करतात. मोठ्या माणसांच्या कामाला अशी घंटा नसावी हें नवल आहे.

आणि दुखणें लपवूं नये. रात्रीं अंगठा व त्याजवळचीं बोटें बधिर होऊन मुंग्या येणें, हातांतून वस्तु गळणें, विश्रांति घेऊनहि मनगट किंवा मान दुखतच राहणें, हीं वैद्याकडे जाण्याचीं लक्षणें आहेत. आरंभीं कामाची रीत बदलून जें बरें होतें तें वर्षभर अंगावर काढल्यास चिवट होतें. परंतु येथेंच खरी अडचण आहे. ज्याची नोकरी कायम आहे तो खुर्ची मागूं शकतो. ज्याला कामाच्या नगावर पैसे मिळतात, ज्याचें कंत्राट सहा महिन्यांचें आहे, तो हात दुखतो असें बोलत नाहीं; कारण त्याला ठाऊक असतें कीं दुबळा ठरलेल्या माणसाच्या जागीं दुसरा मिळतो. रामात्सिनीच्या लेखनिकानें डावा हात पुढें केला तो ह्याच भीतीनें नसेल कशावरून?

म्हणून ज्यांच्या हाताखालीं चार माणसें बसून काम करतात त्यांना माझें एकच सांगणें आहे. कोणी पाठ दुखते म्हणाला तर त्याच्या स्वभावाचा विचार करण्यापूर्वीं त्याच्या मेजाजवळ जावें, त्याच्या खुर्चींत स्वतः अर्धा तास बसून पाहावें, आणि दिवसाचें काम किती व विसांवा किती ह्याचा हिशेब मांडावा. घरांतील वडील माणसांनींहि मुलाबाळांच्या बाबतींत हेंच करावें. पोथी जपा, असें सांगून जुना लेखनिक गप्प बसला. स्वतःस जपा असें म्हणण्याचा धीर त्याला झाला नाहीं. तें म्हणणें आतां वाचणाऱ्यांच्या वांट्यास आलेलें आहे.